निरोपाला स्कोप कोण देणार? – रॅबिटएमक्यू, डॉटनेटचा डीआय आणि दुधाचा चुकलेला दर

अर्धवट_कप | मंगळवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. दोन आठवडे एका बगने झोप उडवली आहे. निम्मं कोडं सुटलंय, उरलेलं निम्मं तुमच्यासमोर टाकतो. मोबाइलवरून लिहितोय, त्यामुळे कोड चिकटवता येणार नाही, सगळं शब्दांतच सांगतो.

आमचं सॉफ्टवेअर दूध संघांसाठी आहे. गावच्या संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) निघतं, लिटर मोजले जातात, आणि ती नोंद रॅबिटएमक्यूच्या (निरोप रांगेत ठेवून पोचवणारा ब्रोकर) क्यूत निरोप म्हणून पडते. आमचा वर्कर (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम; डॉटनेट ८, रॅबिटचा क्लायंट अजून ६ च्या मालिकेतला) ती उचलतो, दरपत्रकाप्रमाणे रक्कम काढतो, डेटाबेसमध्ये टाकतो आणि शेतकऱ्याला एसएमएस लावतो.

डीआयची (डिपेन्डन्सी इंजेक्शन: लागणारी ऑब्जेक्ट कंटेनर बनवून हातात देतो) मांडणी अगदी पुस्तकी. डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारं ऑब्जेक्ट) स्कोप्ड, म्हणजे एका कामापुरता जगणारा. 'चालू संघ' नावाचं एक छोटं ऑब्जेक्ट, तेही स्कोप्ड. निरोपाच्या हेडरमधला संघाचा क्रमांक हँडलर (निरोपावर काम करणारा क्लास) त्यात भरतो. दर काढणारी सेवा स्कोप्ड; ती पहिल्यांदा वापरली की चालू संघाचं दरपत्रक एकदाच वाचते आणि स्वतःकडे ठेवते. वेब एपीआयमध्ये हाच कोड वर्षभर बिनतक्रार चाललाय. तिथे प्रत्येक रिक्वेस्टला नवा स्कोप मिळतो, रिक्वेस्ट संपली की सगळं पुसलं जातं.

मग तोच कोड वर्करमध्ये नेला. बॅकग्राउंड सर्व्हिसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये हँडलर मागितला, कंटेनरने दिला, क्यू वाहायला लागली. एक संघ होता तोवर सगळं गुण्यागोविंदाने. दुसरा संघ जोडला आणि चौथ्या दिवशी एका केंद्राच्या सचिवांचा फोन: "साहेब, लिटरमागं दीड रुपया कमी कसा लागला?" बघतो तर त्यांच्या दुधाला पहिल्या संघाचा दर! आम्ही वर्कर रीस्टार्ट केला, त्यांचं बरोबर झालं. दुसऱ्या दिवशी पहिल्या संघाची बोंब.

तीन दिवस आम्ही दरपत्रकाच्या क्वेरीतच डोकं खुपसून बसलो होतो. क्वेरी बरोबर होती. चूक अशी, की बॅकग्राउंड सर्व्हिस सिंगलटन असते, म्हणजे अख्ख्या प्रोसेसला एकच. तिने हँडलरला एकदा धरलं ते प्रोसेस मरेपर्यंत. हँडलरच्या पोटात दर सेवा, तिच्या पोटात दरपत्रक. म्हणजे रीस्टार्टनंतर ज्या संघाचा निरोप पहिला आला, त्याचा दर दिवसभर सगळ्यांना. 'चालू संघ' प्रत्येक निरोपाला बदलत होता, पण दर सेवा त्याला पुन्हा विचारतच नव्हती. का विचारावं? तिच्या समजुतीप्रमाणे तिचं आयुष्य एका कामापुरतं होतं.

अजून एक. वर्करची मेमरी संध्याकाळपर्यंत फुगायची म्हणून आम्ही रोज रात्रीचा रीस्टार्ट लावून ठेवला होता. आता कळतंय की तोही याच रोगाचा ताप. एकच डीबीकॉन्टेक्स्ट दिवसभरातली प्रत्येक नोंद ट्रॅक करत बसला होता.

दुरुस्ती: हँडलर कन्स्ट्रक्टरमधून काढला, सर्व्हिस स्कोप फॅक्टरी घेतली, प्रत्येक निरोपाला नवा स्कोप उघडून त्यातून हँडलर काढला. दर सुधारले.

आता उरलेलं निम्मं. या दुरुस्तीनंतर अधूनमधून 'डिस्पोज झालेला कॉन्टेक्स्ट वापरताय' ही एरर येते. आधी कधीच येत नव्हती. शिवाय काही निरोप क्यूतून जातात, ॲक होतात (काम झाल्याची पोच जाते), पण डेटाबेसमध्ये नसतात. कोणाला काही सुचतंय का?

---

मधली_सुट्टी | मंगळवार, रात्री ११:५५

मी दुधाच्या दराचा धागा समजून आत आले. आता आलेच आहे तर बसते.

---

जुनाखोड | बुधवार, सकाळी ७:१०

छान लिहिलंय. याला कॅप्टिव्ह डिपेन्डन्सी म्हणतात. कमी आयुष्याची वस्तू जास्त आयुष्याच्या वस्तूने कोंडून ठेवली की ती तिच्याइतकीच जगते.

मी जावावाला. स्प्रिंगमध्ये (जावाची फ्रेमवर्क) मुळात सगळे बीन (कंटेनरने सांभाळलेली ऑब्जेक्ट) सिंगलटनच असतात, त्यामुळे बीनमध्ये स्थिती ठेवायची नाही हे आमच्या अंगवळणी पडलेलं असतं. रिक्वेस्ट स्कोपचं बीन लिसनरमधून (क्यू ऐकणाऱ्या कोडमधून) वापरायला गेलात तर या थ्रेडवर 'रिक्वेस्ट' स्कोप चालू नाही असं स्प्रिंग सरळ तोंडावर सांगतं. म्हणजे आमच्याकडे दार बंद असतं आणि डोकं आपटतं. तुमच्याकडे दार उघडं होतं, पण घर दुसऱ्याचं निघालं.

आमच्यातले काही जण मग थ्रेड स्कोप लावून मोकळे होतात. स्प्रिंगमध्ये तो तयार मिळतो, पण आपणहून नोंदवावा लागतो, आणि काम संपल्यावर बीनची आवराआवर तो करत नाही. लिसनरचे थ्रेड पुन्हा पुन्हा वापरले जातात, त्यामुळे मागच्या निरोपाचं उष्टं पुढच्याच्या ताटात. तुमचाच बग, वेगळ्या कपड्यांत.

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ८:३२

अर्धवट_कप, दोन प्रश्न. पहिला: कन्झ्युमर (क्यूतून निरोप घेणारा भाग) कोणता वापरताय, साधा इव्हेंटिंग की असिंक (थ्रेड न अडवता चालणारा)? दुसरा: स्कोप उघडल्यावर हँडलरच्या असिंक मेथडसाठी थांबताय का?

---

अर्धवट_कप | बुधवार, सकाळी ९:०५

कन्झ्युमर साधा आहे. आणि थांबण्याचं म्हणाल तर... आधी तिथे गेट-रिझल्ट लावून ब्लॉक करत होतो. रिव्ह्यूत कोणीतरी लिहिलं की असं ब्लॉक करणं वाईट, म्हणून याच दुरुस्तीत ते काढलं. आता नुसती मेथड कॉल करतो.

लिहिता लिहिताच ट्यूब पेटली राव. स्कोप आधीच बंद होतोय.

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ९:२०

हो, तेच. क्रम लावून बघा. निरोप आला, स्कोप उघडला, हँडलर निघाला, त्याने डेटाबेसला पहिली हाक मारली आणि कंट्रोल परत दिला. तुम्ही थांबला नाहीत, यूझिंग ब्लॉक संपला, स्कोपने डीबीकॉन्टेक्स्ट डिस्पोज केला. पुढच्याच ओळीत तुम्ही ॲक पाठवलात. रॅबिटच्या दृष्टीने काम फत्ते. इकडे डेटाबेसचं उत्तर येतं, हँडलर पुढे सरकतो आणि कॉन्टेक्स्ट मेलेला. निरोप तर क्यूतून गेलेला. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच ओळीतून आल्यात.

सिंगलटन होता तेव्हा कॉन्टेक्स्टला कोणी मारतच नव्हतं, आणि ब्लॉक करत होतात म्हणून ॲकही वेळेवर जात होता. पहिल्या चुकीने दुसरीला जागाच दिली नव्हती.

उपाय म्हणून इव्हेंटला घाईघाईने असिंक लॅम्डा जोडू नका. साध्या कन्झ्युमरला असिंक लॅम्डा दिली की ती असिंक व्हॉइड होते. क्लायंट तिच्यासाठी थांबत नाही, लगेच पुढचा निरोप हातात देतो. तुम्हाला वाटतं एकेक चाललंय, प्रत्यक्षात प्रीफेचइतके (ॲक न देता हाती ठेवता येतात तितके) निरोप एकाच वेळी उघडे. आणि प्रीफेच लावलाच नसेल तर मर्यादाच नाही, रॅबिट जेवढं असेल तेवढं ओतत राहतो.

त्याहून विषारी गोष्ट म्हणजे ६ च्या मालिकेपासून निरोपाची बॉडी भाड्याच्या बफरवर येते. हँडलर परतला की क्लायंट तो बफर दुसऱ्या निरोपाला देऊन टाकतो. असिंक व्हॉइडमध्ये पहिल्या अवेटलाच क्लायंटच्या हिशेबी तुम्ही परतलेले असता. त्यानंतर बॉडी वाचलीत तर दुसऱ्याच केंद्राचं दूध हाती लागू शकतं. जेसन तुटलं तर नशीब, निदान कळतं तरी. तुटलं नाही तर?

तेव्हा असिंक इव्हेंटिंग कन्झ्युमर घ्या, कनेक्शन फॅक्टरीवर असिंक डिस्पॅचचा झेंडा लावा (६ मध्ये तो हाताने लावावा लागतो; ७ मध्ये असिंकशिवाय दुसरं काही उरलेलंच नाही), आणि बॉडी पहिल्याच ओळीत डिसिरियलाइझ करा किंवा कॉपी करून घ्या.

---

मधली_सुट्टी | बुधवार, सकाळी ९:४१

दुसऱ्या केंद्राचं दूध हाती लागणं म्हणजे आमच्या सोसायटीतल्या पिशव्या.

---

सांगलीकर_टोरांटोत | बुधवार, सायंकाळी ६:१५

एक गोष्ट खटकली. स्कोप्ड सेवा सिंगलटनमध्ये मागितली की डॉटनेटचा कंटेनर डेव्हलपमेंटमध्ये ॲप चालूच होऊ देत नाही. 'सिंगलटनमधून स्कोप्ड सेवा वापरता येणार नाही' असं ठणकावून सांगतो. स्कोपची तपासणी डेव्हलपमेंटमध्ये आपोआप चालू असते आणि प्रॉडक्शनमध्ये बंद. मग तुमच्या मशीनवर ही एरर दिसायला हवी होती. का नाही दिसली?

---

अर्धवट_कप | बुधवार, रात्री १०:५०

हा प्रश्न वाचून जेवण अर्धवट टाकून व्हीपीएनला बसलो.

आम्ही लोकलला सगळं डॉकर कंपोजवर चालवतो. एपीआयच्या फाइलमधून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल उचलून वर्करच्या फाइलमध्ये चिकटवलेलं. ते व्हेरिएबल एएसपीनेटकोअर या नावाने सुरू होणारं. वर्कर वेब होस्ट नाही, साधा जेनेरिक होस्ट आहे, आणि तो फक्त डॉटनेट या नावाने सुरू होणारं वाचतो. ते सापडलं नाही की मुकाट्याने प्रॉडक्शन धरतो.

म्हणजे आमच्या लॅपटॉपवर वर्कर पहिल्या दिवसापासून प्रॉडक्शन म्हणून चालत होता! व्हेरिएबल बदललं, दुरुस्तीच्या आधीची कमिट चालवली. पहिल्या सेकंदाला तीच एरर, अक्षरन् अक्षर. दोन आठवडे गेले ते एका प्रीफिक्सपायी.

---

सांगलीकर_टोरांटोत | बुधवार, रात्री ११:०८

असं वाटलंच होतं. मीही एकदा यात भाजलोय, म्हणून विचारलं.

आता होस्टच्या मांडणीतच स्कोप तपासणी आणि कंटेनर बिल्ड होतानाची तपासणी दोन्ही कायमची चालू करा, एन्व्हायर्नमेंट काहीही असो. प्रॉडक्शनमध्ये थोडा खर्च पडतो, पण वर्करला पहाटे स्टार्ट व्हायला अर्धा सेकंद जास्त लागला तर कोणाचं काय जातंय? मात्र तपासणीवर विसंबून झोपू नका. रजिस्ट्रेशनला फॅक्टरी लॅम्डा (ऑब्जेक्ट बनवणारा आपलाच कोड) दिली असेल तर बिल्डची तपासणी तिच्या आत डोकावत नाही. ओपन जेनेरिकही (टाइप अजून न ठरलेले क्लास) तिच्या हाती लागत नाहीत.

---

नवशिक्या_२३ | गुरुवार, दुपारी १:३०

मूर्ख प्रश्न असेल तर माफ करा. मला हीच 'सिंगलटनमधून स्कोप्ड' वाली एरर गेल्या महिन्यात आली होती, तेव्हा नेटवर वाचून मी डीबीकॉन्टेक्स्टच सिंगलटन केला. एरर गेली. हे चूक आहे का?

---

जुनाखोड | गुरुवार, दुपारी १:४४

बाळा, धुराचा अलार्म वाजतोय म्हणून तू त्याची बॅटरी काढलीस.

---

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी २:०२

काका, सोडा त्याला. नवशिक्या, प्रश्न मूर्ख नाही, आमच्यापैकी निम्म्यांनी हे केलेलं असतं. डीबीकॉन्टेक्स्ट एका वेळी एकाच कामासाठी बनलेला आहे, तो थ्रेड-सेफ नाही. एकेक निरोप घेताय तोवर चालेल. ज्या दिवशी वेग वाढवायला समांतर घ्याल, त्या दिवशी 'आधीचं ऑपरेशन संपण्याआधी दुसरं सुरू झालं' ही एरर येईल. त्याआधीसुद्धा त्रास आहेच. एकदा वाचलेली नोंद तो स्वतःकडे धरून ठेवतो, दुसऱ्या कोणी ती बदलली तरी तुला जुनेच आकडे दाखवतो. एक सेव्ह फसला तर ती फसलेली नोंद पोटात राहते आणि पुढच्या प्रत्येक निरोपाचा सेव्ह पाडते. अर्धवट_कपच्या वरच्या पोस्टमध्ये 'दरपत्रक'च्या जागी 'कॉन्टेक्स्ट' वाच, तुझीच गोष्ट आहे.

माझ्या डोक्यात एक साधा हिशेब असतो: वेबला रिक्वेस्ट, तसा वर्करला निरोप. वेबमध्ये रिक्वेस्ट कुठे सुरू झाली, कुठे संपली हे फ्रेमवर्कला ठाऊक असतं, म्हणून स्कोप तोच उघडतो आणि तोच मिटतो. क्यूवरून निरोप आला हे डीआयच्या कंटेनरला कळायचा मार्गच नाही. त्याला ते आपण सांगायचं. स्कोप उघडताना असिंक प्रकारचाच उघड (डॉटनेट ६ पासून आहे). एखादी सेवा फक्त असिंक पद्धतीनेच डिस्पोज होणारी असेल तर साधा स्कोप बंद होताना एक्सेप्शन फेकतो.

कनेक्शनचं मात्र उलटं. रॅबिटचं कनेक्शन सिंगलटनच हवं. एका प्रोजेक्टमध्ये कोणीतरी 'सगळं स्कोप्ड' या उत्साहात कनेक्शनही स्कोप्ड केलेलं पाहिलंय. प्रत्येक निरोपाला नवं टीसीपी कनेक्शन. ब्रोकरच्या डॅशबोर्डवर कनेक्शनचा आलेख शिवनेरीच्या कड्यासारखा उभा! चॅनल हलका असतो, पण एकच चॅनल अनेक थ्रेडमधून एकाच वेळी वापरायचा नाही.

---

खटपट्या | गुरुवार, रात्री ९:२५

धागा वाचनखुणेत टाकला. पण एक विचारतो, हे सगळं हाताने का? मासट्रान्झिट घ्या, ही निरोपांची तयार लायब्ररी. कन्झ्युमर कंटेनरमध्ये नोंदवले की प्रत्येक निरोपाला स्कोप तोच उघडतो, असिंक तोच सांभाळतो, पुन्हा प्रयत्न आणि एररची क्यू फुकट. इथल्या निम्म्या पोस्टी लिहाव्याच लागल्या नसत्या.

---

जुनाखोड | गुरुवार, रात्री ९:४०

फुकट म्हणालात म्हणून. २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ९ वी आवृत्ती व्यावसायिक लायसनवर. ८ वी ओपन सोर्स राहील, पण नवा प्रोजेक्ट सुरू करताना हे डोक्यात ठेवावं लागेल.

---

खटपट्या | गुरुवार, रात्री ९:५२

मान्य. मग रीबस आहे, तशीच दुसरी लायब्ररी. आणि खरं सांगू का, ज्या टीमचे दोन आठवडे या बगमध्ये गेले, तिला लायसनचे पैसे महाग नाहीत.

---

अर्धवट_कप | गुरुवार, रात्री ११:३०

खटपट्या, आमच्याकडे क्यू दोनच, निरोपाचे प्रकार तीन. एवढ्यासाठी लायब्ररी आणली तर पुढच्या माणसाला रॅबिट, डीआय आणि ती लायब्ररी अशा तीन गोष्टी शिकाव्या लागतील. आणि खोटं कशाला बोलू, ती आधीच आणली असती तर स्कोप कोण उघडतंय हे मला आजही माहीत नसतं. पण प्रकार दहाच्या वर गेले तर तुमचंच ऐकेन.

आजची प्रगती. असिंक कन्झ्युमर लावला, बॉडी पहिल्याच ओळीत वाचतो, हँडलरसाठी थांबतो, स्कोप बंद होतो, मग ॲक. डिस्पोजची एरर गेली. प्रीफेच २० ठेवला, समांतर ४. मेमरीचा आलेख सपाट आहे, रात्रीचा रीस्टार्ट काढून टाकला.

---

सांगलीकर_टोरांटोत | शुक्रवार, पहाटे ४:४८

ॲक शेवटी गेला हे बरोबर. पण त्यातून पुढचा प्रश्न उगवतो. डेटाबेसमध्ये कमिट झालं आणि ॲक जायच्या आत पॉड (म्हणजे चालता वर्कर) मेला तर? रॅबिट तोच निरोप पुन्हा देईल. शेतकऱ्याच्या खात्यावर एकाच दुधाची दोनदा नोंद. तो तक्रार करणार नाही, संघ करेल.

---

अर्धवट_कप | शुक्रवार, सकाळी ८:१५

केंद्र, तारीख, पाळी, सभासद आणि पावती क्रमांक यांवर युनिक इंडेक्स आहे. दुसऱ्यांदा आला तर डेटाबेसच अडवतो, ते आम्ही 'झालेलं काम' समजून ॲक करतो. पण एसएमएस दोनदा जाऊ शकतो, ते खरं.

---

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ८:४०

मग एसएमएस हँडलरमधून थेट पाठवू नका. नोंदीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्सच्या टेबलात एक ओळ टाका, वेगळा लूप ती उचलून पाठवेल. नोंद पडली तरच ओळ पडते, नोंद अडली तर ओळही अडते. इथेच स्कोपचा खरा उपयोग दिसतो. हँडलर आणि आउटबॉक्सची सेवा एकाच स्कोपमधल्या, म्हणून दोघांच्या हाती एकच डीबीकॉन्टेक्स्ट येतो आणि एकाच सेव्हमध्ये दोन्ही लिहिलं जातं. आउटबॉक्सची सेवा चुकून सिंगलटन नोंदवलीत तर ती वेगळाच कॉन्टेक्स्ट धरून बसेल, ट्रान्झॅक्शन दोन होतील आणि वरवर सगळं चालूच दिसेल.

आउटबॉक्स लावूनही एसएमएस क्वचित दोनदा जाईलच. पाठवला आणि 'पाठवला' अशी खूण करायच्या आत लूप मेला तर. तेवढं सोसायचं.

---

नवशिक्या_२३ | शुक्रवार, दुपारी १२:१०

सिंगलटन काढला, स्कोप लावला. चालतंय. पण आता एचटीटीपी कॉन्टेक्स्ट ॲक्सेसरमधून युझर मिळत नाही, नल येतो.

---

जुनाखोड | शुक्रवार, दुपारी १२:२५

वर्करमध्ये एचटीटीपीच नाही तर त्याचा कॉन्टेक्स्ट कुठून येणार? अर्धवट_कपचा 'चालू संघ' बघ, तसंच 'चालू युझर' कर. एक इंटरफेस, दोन ठिकाणी दोन अंमलबजावण्या: वेबमध्ये टोकनवरून, वर्करमध्ये निरोपाच्या हेडरवरून. निरोप पाठवतानाच हेडरमध्ये युझर घालायला विसरू नकोस. आणि स्कोप उघडल्याबरोबर, हँडलर काढायच्या आधी तो भर. कोणाच्या तरी कन्स्ट्रक्टरने आधीच विचारलं तर रिकामा मिळेल. (आणि हो, बॅटरीचं बोललो त्याबद्दल राग मानू नकोस.)

---

अर्धवट_कप | रविवार, सकाळी १०:२०

जुनाखोड काकांच्या शेवटच्या सल्ल्याने वाचवलं. आम्ही चालू संघ हँडलरच्या आत भरत होतो, म्हणजे हँडलरच्या अवलंबितांचे कन्स्ट्रक्टर आधीच चालून गेलेले. दर सेवा दरपत्रक उशिरा वाचते म्हणून आजवर निभावलं. आता स्कोप, मग संघ, मग हँडलर.

एक टेस्टही लिहिली. खराखुरा कंटेनर, दोन्ही तपासण्या चालू, दोन संघांचे दोन निरोप पाठोपाठ, तेच फॅट, तेच लिटर. रकमा वेगळ्या आल्या पाहिजेत. जुन्या कोडवर लाल, नव्यावर हिरवी. मग निरोपांचा क्रम उलटा करून पुन्हा.

सचिवांना फरकाची रक्कम या दहा दिवसांच्या बिलात लावून दिली. त्यांनी विचारलं, "नक्की काय झालं होतं?" मी म्हणालो, सकाळी पहिलं जे दरपत्रक उघडलं, तेच आमचा माणूस दिवसभर सगळ्यांना लावत होता. ते म्हणाले, "असा एक आमच्याकडं पण होता."